ओपन हाउसला जाताय? मग काम बघून या

पुण्यात हिंजवडी, खराडी, बाणेर, मगरपट्टा या भागांतल्या सॉफ्टवेअर कंपन्या अधूनमधून एखाद्या संध्याकाळी बाहेरच्या इंजिनिअरांना आपल्या ऑफिसात बोलावतात. आधी नावनोंदणी, सहा-साडेसहाला प्रवेश, दोन-तीन छोटी भाषणं, स्वतःच्या उत्पादनाचे डेमो, मग जेवण आणि गप्पा. या कार्यक्रमाला 'ओपन हाउस' म्हणतात. कंपनीचा हेतू सरळ असतो. तिला चांगली माणसं हवी असतात, आणि रेझ्युमेंच्या गठ्ठ्यापेक्षा समोरासमोर बोललेला माणूस लवकर कळतो. पण आलेल्यांपैकी बरेच जण वॉक-इनला आल्यासारखे वागतात. हातात फाइल, एचआरच्या टेबलापुढे रांग आणि 'ओपनिंग आहे का?' एवढा एकच प्रश्न. त्या संध्याकाळी जे मिळण्यासारखं असतं, ते त्यांच्या हातून निसटतं.

ओपन हाउसला काम बघायला जावं, असं माझं ठाम मत आहे. मुलाखत अर्ज करून नंतरही मिळवता येते. पण ज्या टीममध्ये आपण पुढची तीन-चार वर्षं घालवणार, ती रोजचं काम कसं करते हे विचारायची मोकळीक मुलाखतीत फारशी नसते. 'तुमचे काही प्रश्न?' असं विचारेपर्यंत पाच मिनिटं उरलेली असतात, आणि तुम्ही काय विचारता यावरूनही तुम्हाला जोखलं जातं. इथे मात्र ते काम करणारी माणसं हातात चहाचा कप घेऊन तुमच्यासमोर उभी असतात. त्यांना बोलतं करणं ही त्या संध्याकाळची खरी कमाई.

त्यासाठी आदल्या दिवशी तासभर तयारी करा. कंपनीच्या वेबसाइटवरचं 'आमच्याविषयी' वाचून फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा तिची नोकऱ्यांची यादी वाचा. एकाच टीमसाठी एकदम आठ-दहा जागा असतील, तर ती टीम नवी आहे किंवा तिथून बरेच जण गेले आहेत. यातलं खरं कोणतं, हा तुमचा पहिला प्रश्न झाला. कंपनीचा टेक ब्लॉग असेल तर अलीकडचे दोन लेख वाचा आणि लेखकांची नावं लक्षात ठेवा. त्यांच्यापैकी कोणी त्या संध्याकाळी भेटण्याची शक्यता बरीच असते, आणि 'तुमचा कॅशिंगवरचा लेख वाचला, त्यात एक शंका आहे' या वाक्यासारखी दुसरी ओळख नाही. गिटहबवर कंपनीचा कोड उघडा असेल तर शेवटचा बदल कधी झाला आणि बाहेरच्या माणसाच्या सूचनेला उत्तर मिळतं का, हे पाहा.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आणखी एक कागद वाचण्यासारखा आहे, आणि तो फार कमी जण उघडतात. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून वार्षिक अहवालासोबत 'बीआरएसआर' नावाचा अहवाल द्यावा लागतो. दरवर्षी किती टक्के कायम कर्मचारी सोडून गेले, याचे तीन वर्षांचे आकडे त्यात स्त्री-पुरुष असे वेगळे दिलेले असतात. प्रसूतीच्या किंवा पालकत्वाच्या रजेनंतर किती जण परत आले आणि किती टिकले, हेही त्यात असतं. पर्सिस्टंट, केपीआयटी यांच्यासारख्या पुण्यात वाढलेल्या नोंदणीकृत कंपन्यांचे अहवाल त्यांच्या वेबसाइटवर मोफत मिळतात. कंपनी खासगी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून तिने दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात. स्टार्टअपमध्ये जाण्याचा विचार असेल तर हे 100 रुपये जरूर खर्च करा.

वेळेचंही आधीच बघा. हडपसरहून हिंजवडीला संध्याकाळी जाणं म्हणजे दीड-दोन तास धरावेच लागतात. पाचला निघालात तर साडेसहाचं पहिलं भाषण चुकू शकतं, आणि कामाची ओळख त्याच भाषणात होते. खराडीच्या बाजूला जायचं असेल तर वनाज-रामवाडी मेट्रोने शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन पुढे रिक्षा घेणं सोपं पडतं. गेटवर फोटो असलेलं ओळखपत्र मागतात. आधारऐवजी वाहन परवाना दाखवला तरी बहुतेक ठिकाणी चालतो. लॅपटॉप नेलात तर त्याचा सिरियल नंबर लिहून घेतात, परत जाताना तपासतात. काही ठिकाणी फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तो काढू नका. कपड्यांचा फार विचार करू नका, स्वच्छ आणि साधे पुरेत.

आत गेल्यावर तिथल्या फलकावरचा क्यूआर कोड स्कॅन करून फॉर्म भरायला सांगतात. नाव, ईमेल, कामाचा अनुभव, आवडीचं क्षेत्र इथवर ठीक. सध्याचा सीटीसी, पॅन, जन्मतारीख विचारली असेल तर ते रकाने मोकळे सोडा. सध्याचा पगार एकदा त्यांच्या नोंदीत गेला की पुढची ऑफर त्याच आकड्याभोवती फिरते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्वच असं आहे की माहिती ठरावीक कारणासाठी, संमतीने घ्यावी आणि ती संमती मागे घेण्याचा हक्क तुमच्याकडे राहावा. ही माहिती कशासाठी घेताय, असं नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

काय विचारावं

प्रश्नांचा एक जुना आणि अजूनही कामाचा नमुना आहे. पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल टीममध्ये असलेल्या जोएल स्पोल्स्की यांनी 2000 साली 12 प्रश्नांची एक चाचणी लिहिली. उत्तर फक्त हो किंवा नाही. सोर्स कंट्रोल वापरता का, एका पायरीत बिल्ड होतो का, नवा कोड लिहिण्याआधी बग दुरुस्त करता का, प्रोग्रामरला शांतता मिळते का, टेस्टर आहेत का, अशा धर्तीचे. 12 म्हणजे उत्तम, 11 चालेल, 10 किंवा त्याखाली गेलं तर काळजी करा, असा त्यांचा हिशोब होता. आज सोर्स कंट्रोलबद्दल विचारायची गरज उरलेली नाही. पण शांतता, टेस्टर आणि बग यांबद्दलचे प्रश्न आजही तितकेच लागू पडतात. 'तुमच्याकडे टेस्टिंग कोण करतं?' एवढंच विचारा आणि उत्तर येण्याआधी समोरचा किती वेळ थांबतो, ते बघा.

तरीही हो-नाहीच्या प्रश्नांवर थांबू नका. 'कोड रिव्ह्यू होतो का?' याला कोणीही होच म्हणेल. त्याऐवजी ठरावीक दिवसाबद्दल विचारा. 'तुमचा शेवटचा बदल कधी मर्ज झाला? रिव्ह्यूला किती वेळ लागला? तो ग्राहकापर्यंत पोहोचायला अजून किती दिवस?' या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून टीमचं अंतरंग दिसतं. कोणी सांगेल, सकाळी लिहिला, दुपारी गेला. कोणी सांगेल, रिव्ह्यू दोन दिवसांत झाला पण रिलीज पुढच्या महिन्यात, कारण अमेरिकेतून मंजुरी यावी लागते. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत आणि दोन्ही टीममध्ये शिकायला मिळेल ते वेगळं असेल. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या 2018 च्या 'अ‍ॅक्सलरेट' या पुस्तकात, कोड लिहून झाल्यापासून वापरात येईपर्यंतचा वेळ हा टीमची कुवत मोजण्याच्या चार मापांपैकी एक मानला आहे. पुस्तक वाचलं नसलं तरी प्रश्न विचारता येतो.

आता कोड लिहायला एआयची मदत सगळीकडे घेतात. त्याबद्दल 'वापरता का?' विचारण्यात अर्थ नाही. 'एआयने लिहिलेला कोड चुकीचा निघाला तर जबाबदार कोण, आणि तो रिव्ह्यूत कोण वाचतं?' हे विचारा.

परदेशी कंपनीचं पुण्यातलं केंद्र असेल, ज्याला हल्ली जीसीसी म्हणतात, तर एक प्रश्न चुकवू नका: 'या उत्पादनाबद्दलचा मागचा मोठा निर्णय पुण्यातल्या कोणी घेतला होता?' भाषणात ओनरशिप हा शब्द पाच-सहा वेळा आलेला असतो. पण उदाहरण मागितल्यावर ते चटकन आलं तर कामाचा एक भाग खरोखर इथे आहे. उदाहरण शोधावं लागलं तर कामाची तिकिटं तिकडून येतात आणि इथे बंद होतात, असं समजायला हरकत नाही. तशी नोकरी वाईट असते असं नाही. सुरुवातीची दोन वर्षं त्यात पुष्कळ शिकता येतं. पण ते माहीत असून गेलेलं बरं.

घड्याळाचंही विचारा. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे तिकडची सकाळी नऊची मीटिंग इथे रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला. 'आठवड्यातून अशा किती मीटिंग, आणि त्या आलटून पालटून तेही आपल्या वेळेला घेतात का?' याचं उत्तर पगाराच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे, विशेषतः घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील असतील तर. ऑन-कॉलबद्दलही तसंच. 'मागच्या महिन्यात रात्री किती वेळा उठलात?' असं सरळ विचारा. गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमबद्दल 2016 साली आलेल्या पुस्तकात असा दंडक दिला आहे की सिस्टिम चालू ठेवण्याच्या कामात इंजिनिअरचा निम्म्याहून जास्त वेळ जाऊ नये, उरलेला वेळ तेच काम कमी करणारं सॉफ्टवेअर लिहिण्यात जावा. प्रत्येक कंपनी गूगल नसते. पण असा काही दंडक आहे का, हे विचारता येतं.

सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो जेवणाच्या वेळी, दोघं-तिघं असताना विचारावा: 'अलीकडे मोठा घोळ कधी झाला, आणि नंतर काय केलं?'

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे एका जाहीर घटनेतून कळेल. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत एक इंजिनिअर रात्री डेटाबेसची अडचण सोडवत होता. दुय्यम सर्व्हरवरची डेटाची फोल्डर पुसतोय असं समजून त्याने मुख्य सर्व्हरवरची पुसली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. बॅकअपवरून डेटा परत आणायला गेले तर रोजचे बॅकअप तयारच होत नव्हते असं दिसलं, आणि ते होत नसल्याचे इशारे देणारे ईमेल पोहोचत नव्हते. शेवटी कोणीतरी सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत कामी आली. सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, काय घडलं याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि चूक करणाऱ्याचं नाव जाहीर नोंदीत न घालता त्याला 'टीम मेंबर 1' म्हटलं. बॅकअप तपासला का गेला नाही, याचं उत्तर अहवालात असं आहे की तो तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

हे उत्तर पुन्हा वाचा. एका माणसाच्या चुकीपाशी न थांबता कंपनी तिथवर पोहोचली, म्हणून दुरुस्ती करता आली. ओपन हाउसमध्ये तुम्हाला याच वृत्तीचा अंदाज घ्यायचा आहे. समोरचा इंजिनिअर मोकळेपणाने सांगू लागला, 'मागच्या गणपतीत आमचं पेमेंट चाळीस मिनिटं बंद होतं, माझ्याच बदलामुळे, मग आम्ही अमुक तपासणी लावली', तर त्या टीममध्ये चूक कबूल करून माणूस टिकतो. 'आमच्याकडे असं होत नाही' हे उत्तर आलं तर एकतर सिस्टिम फार छोटी आहे किंवा बोलण्याची मुभा नाही. 'एकाने केलं होतं, त्याला काढलं' असं कोणी सांगितलं तर तिथे अर्ज करण्याआधी दहा वेळा विचार करा. अर्थात ग्राहकांची नावं, सुरक्षेतल्या त्रुटी असं गोपनीय काही तुम्ही खोदू नका. ते सांगायला समोरचा नकार देतो, यात त्याची शिस्त दिसते.

भिंतीही वाचा

महिलांनी, आणि खरं तर सगळ्यांनीच, ऑफिसच्या भिंती वाचाव्यात. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला अंतर्गत समिती नेमावी लागते आणि त्या समितीचा आदेश ठळक जागी लावावा लागतो. तो लावला आहे का, त्यावरची नावं अजून कंपनीत असलेल्या माणसांची आहेत का, हे पाणी प्यायला जाता जाता दिसतं. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. 'सोय आहे' एवढ्यावर थांबू नका. किती मुलं तिथे येतात, हे विचारा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी संरक्षण आणि वाहनाची व्यवस्था कंपनीने करायची असते. वर सांगितलेली रात्रीची मीटिंग इथे येऊन भिडते. रात्रीची कॅब दारापर्यंत येते की चौकापर्यंत, सोबत गार्ड असतो का, हे तिथे काम करणाऱ्या मुलीलाच विचारा. ती दोन मिनिटांत खरं सांगेल. आणि त्या संध्याकाळी तुम्हाला स्वतःला घरी कसं जायचं आहे, ते निघण्याआधी ठरवून ठेवा.

नांदेड, लातूर, जळगाव, सांगलीकडून आलेल्या अनेक हुशार मुलामुलींना अशा ठिकाणी इंग्रजीमुळे बोलायची भीती वाटते, आणि ते भिंतीला टेकून फोन बघत राहतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं, कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणांना काम उत्तम येत असतं. त्यांना सांगणं आहे: तीन वाक्यं घरून तयार करून जा. मी सध्या काय बनवतो किंवा बनवते, त्यातली कोणती अडचण सोडवली, आणि तुमच्याकडे काय बघायला आलो. साधी, छोटी इंग्रजी वाक्यं पुरतात. समोरचा मराठी आहे असं दिसलं तर 'मराठीत बोललं तर चालेल का?' असं विचारून टाका. पुण्यातल्या ऑफिसांत याला नकार क्वचितच मिळतो, आणि तांत्रिक बोलणं तर दोन्ही भाषांत तेच असतं. कंपन्यांत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण तोंडातून 'सर' किंवा 'मॅडम' निघालं तर ओशाळू नका. तुम्ही काही बनवलेलं असेल, अगदी गावातल्या दूध संकलन केंद्राच्या हिशोबाचं छोटं अ‍ॅप असलं, तरी ते फोनवर उघडून दाखवा. चालणारी वस्तू हातात दिली की भाषेची अडचण निम्मी संपते.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी निमंत्रणातली अट आधी वाचावी. तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल तर आयोजकांना ईमेल करून विचारा. न सांगता गेलात आणि गेटवरून परत यावं लागलं तर संध्याकाळ आणि हुरूप दोन्ही जातात.

सध्या नोकरीत असलेल्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, पुणे लहान आहे. तिथे तुमच्या ऑफिसातलं कोणीतरी भेटणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण तीही व्यक्ती तिथेच आली आहे. ग्रुप फोटोत मात्र उभं राहायचं की नाही, ते आधी ठरवा. कंपनी तो फोटो त्याच रात्री लिंक्डइनवर टाकते. दुसरी, स्वतःच्या कामाबद्दल बोलताना सध्याच्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव, आकडे, आतली रचना सांगू नका. नोकरीच्या करारातली गोपनीयता चहाच्या कपावरही लागू असते, आणि आजचं गुपित सहज सांगणारा उद्या आमचंही सांगेल, हे समोरच्याला लगेच कळतं. नोटीस पिरियड विचारला तर खरा सांगा. अनेक आयटी कंपन्यांत तो 90 दिवसांचा असतो, हे त्यांनाही माहीत आहे.

एक इशारा. ओपन हाउसच्या बाहेर, किंवा त्या नावाने आलेल्या मेसेजमध्ये, 'आतून काम करून देतो, एवढी रक्कम भरा' म्हणणारा कोणी भेटला तर तिथेच थांबा. लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचं शुल्क, कागदपत्र तपासणीचा खर्च, नाव काहीही असलं तरी नोकरी देण्यासाठी पैसे मागणं ही फसवणूक आहे. निमंत्रण कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे का, ते तपासल्याशिवाय नावनोंदणीसुद्धा करू नका. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

घरी पोहोचल्यावर, झोपण्याआधी, कोणाशी काय बोलणं झालं ते दहा ओळींत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, ज्यांच्याशी खरं बोलणं झालं अशा एक-दोघांनाच संदेश पाठवा. 'भेटून आनंद झाला' याच्या पुढे एक ओळ तरी त्या संभाषणाची हवी: 'तुम्ही सांगितलेली क्यूची अडचण मी घरी छोट्या डेटावर करून पाहिली, तुमचं म्हणणं पटलं.' सोबत लगेच रेझ्युमे जोडू नका. जागा तुमच्या कामाची आहे असं वाटलं तर तिचा जॉब आयडी शोधा आणि मग विचारा, 'या जागेसाठी माझं नाव सुचवायला तुम्हाला योग्य वाटतं का?' रेफरल देणाऱ्याचं नाव कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे लागतं, म्हणून नाही म्हणायची वाट त्याला मोकळी ठेवा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, नंतर सोडून द्या. त्याच टीमची माणसं पुढे पायथॉनपुणेसारख्या गटांच्या भेटींत पुन्हा दिसतात, आणि तिथे यायला कोणत्याही कंपनीचं निमंत्रण लागत नाही.